सहा भाषांच्या पलीकडे : आंतरराष्ट्रीय संस्थेचा निरोप खान्देशात पोहोचवताना

सुरत–भुसावळ मार्गावरचे नवापूर रेल्वे स्थानक अर्धे महाराष्ट्रात आणि अर्धे गुजरातमध्ये आहे. गाडी येण्याची सूचना तिथे हिंदी, इंग्रजी, मराठी आणि गुजराती अशा चार भाषांत होते आणि त्याचे तिथल्या कुणालाही अप्रूप वाटत नाही. बाकावर गाठोडे घेऊन बसलेल्या बाईची घरची भाषा मात्र पुष्कळदा मावची असते आणि ती या चारांत नसते. गाडी कोणती आणि किती वाजता, एवढे तिला कामापुरत्या भाषेत कळते. पण तिच्या रक्ताच्या तपासणीचा अर्थ किंवा तिच्या बाळाला का जपायचे हे सांगायचे असेल, तर कामापुरती भाषा पुरत नाही.

जगभर काम करणाऱ्या एखाद्या संस्थेच्या संवाद विभागात, किंवा तिच्या वतीने जळगाव, धुळे, नंदुरबार या जिल्ह्यांत काम करणाऱ्या सहयोगी संस्थेत जे आहेत, त्यांच्यासाठी हा लेख आहे. मी काही वर्षे अशा मजकुराचे मराठी करतो आणि तो गावात, पाड्यावर वाचून पाहतो. या काळात जे जे बिघडलेले पाहिले, त्यातले बहुतेक एकाच कारणाने बिघडलेले होते : मजकूर पूर्ण तयार झाला, मांडणी झाली, छपाईची तारीख ठरली, आणि मग कुणाला तरी भाषा आठवली. भाषेचा निर्णय पहिला वाक्यखंड लिहिण्याआधी, म्हणजे वेळापत्रक आणि अंदाजपत्रक ठरतानाच व्हावा, एवढे एक पथ्य पाळले तर पुढच्या पायऱ्या निम्म्याने सोप्या होतात.

वरची चौकट माहीत असावी

मुख्यालयाशी भांडायचे असेल तर मुख्यालयाचेच कागद हाताशी हवेत. संयुक्त राष्ट्रांची सनद १९४५ साली चिनी, फ्रेंच, रशियन, इंग्रजी आणि स्पॅनिश या पाच भाषांत झाली आणि पाचही पाठ सारखेच अधिकृत मानले गेले. अरबीची भर १९७३ मध्ये पडली आणि अधिकृत भाषा सहा झाल्या. सचिवालयाच्या रोजच्या कामाच्या भाषा मात्र इंग्रजी आणि फ्रेंच या दोनच आहेत. म्हणजे ज्या संघटनेत समानतेचा नियम आहे, तिथेही ‘अधिकृत’ आणि ‘कामाची’ हे दोन वेगळे थर आहेतच.

आपल्या उपयोगाची गोष्ट पुढची आहे. १० जून २०२२ रोजी आमसभेने बहुभाषिकतेवर जो ठराव संमत केला, त्यात महत्त्वाचे निरोप अधिकृत भाषांबरोबर इतर भाषांतही देत राहावेत, असे सांगताना पोर्तुगीज, हिंदी, किस्वाहिली, फारसी, बांगला आणि उर्दू यांचा उल्लेख आहे. मराठीचे नाव त्यात नाही. पण अधिकृत यादीबाहेरच्या भाषेत लोकांशी बोलणे हे संघटनेचे काम आहे, हे तत्त्व त्या ठरावात आहे आणि तेच वाक्य अर्जात, प्रस्तावात, बैठकीच्या टिपणात पुढे करावे. मानवी हक्कांचा जाहीरनामा १९४८ सालचा. तो आज ५०० हून अधिक भाषांत मिळतो आणि त्यांत मराठी आहे. तेव्हा ‘आमच्याकडे सहाच भाषांची सोय आहे’ असे कुणी म्हटले, तर हे उदाहरण नम्रपणे समोर ठेवावे.

भाषांचा नकाशा

खान्देशासाठी मजकूर म्हणजे मराठी मजकूर, असे गृहीत धरण्याची सवय पुण्या-मुंबईच्या कार्यालयांना आहे. २०११ च्या जनगणनेत मराठी मातृभाषा सांगणारे देशभरात ८ कोटी ३० लाख होते. त्याच जनगणनेत ‘खान्देशी’ या नावाखाली सुमारे साडेअठरा लाख लोक नोंदले गेले. त्यात अहिराणी, गुजरी आणि डांगी येतात. ‘भिली’ या शीर्षकाखाली अनेक राज्यांतले मिळून एक कोटीहून अधिक लोक आहेत आणि पावरी, मावची, तडवी, वसावा अशा एकमेकींपासून बऱ्याच दूरच्या बोली त्या एका शीर्षकात बसवल्या आहेत.

हे आकडे वापरावेत, पण त्यांच्यावर विसंबू नये. जनगणनेच्या माणसाने विचारले की घरी अहिराणी बोलणारा माणूस ‘मराठी’ असे सांगून मोकळा होतो, कारण शाळेत तो मराठीच शिकला आणि दप्तरात तेच लिहिले जाते. यावल-रावेरकडे घरात लेवा बोली असते, तिथेही हेच. म्हणून जिथे काम करायचे त्या गावात स्वतः विचारावे, आणि ‘तुमची भाषा कोणती’ असा एकच प्रश्न विचारू नये. घरात लहान मुलांशी कशात बोलता, दवाखान्यात कशात बोलता, बाजारात कशात, मोबाईलवर आवाजी निरोप पाठवता तो कशात, आणि पत्रक हातात आले तर ते घरात कोण वाचून दाखवते, असे पाच प्रश्न पुरतात. शेवटच्या प्रश्नाचे उत्तर पुष्कळदा ‘शाळेत जाणारी मुलगी’ असे येते. ते आले की पत्रकाचा खरा वाचक कोण हे ठरते, आणि त्याची भाषाही.

हा नकाशा एका तक्त्यात लिहून ठेवावा : गाव किंवा पाडा, ऐकण्याची भाषा, वाचण्याची भाषा, लिपी. अंगणवाडी सेविका आणि आशाताई यांना विचारले तर एका तालुक्याचा तक्ता दोन दिवसांत होतो. त्यांच्या वेळेचे मानधन द्यावे, कारण ही त्यांची नोकरी नाही.

काय, कोणत्या भाषेत

सगळे सगळ्या भाषांत करण्याची घोषणा सुंदर दिसते आणि तीन महिन्यांत मोडून पडते. त्यापेक्षा मजकुराचे तीन गट करावेत. ज्याने जीव वाचतो किंवा हक्क मिळतो, म्हणजे आजाराची लक्षणे, तपासणीची जागा, तक्रार कुठे करायची, पैसे मागितले तर काय करायचे, तो मजकूर नकाशातल्या प्रत्येक भाषेत, आणि निदान आवाजाच्या स्वरूपात, हवाच. कार्यक्रमाची माहिती, वेळापत्रके, प्रशिक्षणाचे साहित्य मराठीत आणि गरजेप्रमाणे उर्दूत किंवा गुजरातीत असावे. वार्षिक अहवाल आणि धोरणाचे मसुदे यांचा दोन पानांचा मराठी गोषवारा पुरे. हे गट लेखी ठरवून वरिष्ठांची सही घ्यावी. ऐन वेळी पैसे कमी पडतात तेव्हा पहिल्यांदा पहिलाच गट कापला जातो, कारण अहवालाला देणगीदार वाचक असतो आणि पाड्यावरच्या बाईला कार्यालयात कुणी ओळखत नाही.

मूळ मजकूर भाषांतरासाठीच लिहावा

इंग्रजी मसुदा लिहिणाऱ्याला हे सांगणे अवघड जाते, तरी सांगावे. एका वाक्यात एकच गोष्ट असावी, कर्ता उघड असावा आणि आकडा असेल तर तो कशाचा हे त्याच वाक्यात यावे.

आकड्यांच्या बाबतीत एक उदाहरण देतो. सिकलसेल हा आई-वडिलांकडून येणारा रक्ताचा आजार. आई-वडील दोघांकडेही त्याचा प्रत्येकी एक अंश असेल, तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता २५ टक्के, अंश एकाकडूनच येण्याची ५० टक्के आणि काहीच न येण्याची २५ टक्के असते. एका मसुद्यात ‘चारांपैकी एका मुलाला आजार होतो’ असे सुटसुटीत वाक्य होते. मराठीत ते आणखी सुटसुटीत झाले. गावात त्याचा अर्थ असा लागला की पहिले मूल आजारी निघाले, आता पुढची तीन बिनघोर. आजाऱ्याच्या घरासाठी हा अर्थ घातक आहे. ‘प्रत्येक वेळी नव्याने’ हे शब्द मूळ इंग्रजीतच नव्हते, म्हणून ते कुठल्याच भाषेत उतरले नाहीत. तेव्हा भाषांतरकाराने मूळ मजकुरावर हरकत घ्यावी आणि ती ऐकली जावी, अशी वाट कामाच्या पद्धतीतच ठेवावी. मूळ दुरुस्त झाले की सगळ्या भाषांचे काम एकदम सुधारते.

माणसे आणि शब्द

प्रत्येक भाषेला तीन माणसे लागतात : भाषांतर करणारा, ते तपासणारा, आणि त्या गावात राहणारा, पण या दोघांशी संबंध नसलेला वाचक. पहिल्या दोघांना भाषा येत असते. तिसऱ्याला प्रश्न पडतात, आणि ते अधिक मोलाचे असतात. चांगला माणूस दिवसाला दीड-दोन हजार शब्द नीट करतो. ‘उद्या सकाळपर्यंत आठ पाने’ अशी मागणी आली की काय हाती येईल ते सांगायला नको. स्वयंसेवकांच्या मायेवर काम उरकण्याची पद्धतही सोडावी. छापखान्याला पैसे द्यायचे आणि पावरी सांगणाऱ्या ताईला फक्त प्रमाणपत्र, हा न्याय नव्हे.

काम सुरू होण्याआधी शब्दसूची करावी. संयुक्त राष्ट्रांचा स्वतःचा मोठा संज्ञाकोश आहे, पण त्याचा मुख्य आधार त्या सहा भाषांचा. आपली सूची आपल्यालाच करावी लागते. पंचवीस-तीस शब्द पुरतात. प्रत्येक शब्दापुढे ठरलेला मराठी शब्द, नाकारलेला शब्द आणि नाकारण्याचे कारण लिहावे. कारण लिहिले नाही तर सहा महिन्यांनी नवा माणूस येऊन तोच नाकारलेला शब्द पुन्हा बसवतो.

‘वाहक’ या शब्दाची गोष्ट सांगतो. सिकलसेलच्या सरकारी मराठीत आणि पुस्तकांतही हा शब्द रुळला आहे : ज्याच्याकडे अंश आहे पण जो स्वतः आजारी नाही, तो वाहक. आमच्या पत्रकातही तोच होता. नंदुरबार जिल्ह्यातल्या डोंगराळ धडगावकडच्या एका पाड्यावर ओट्यावर दहा-बारा जणी बसल्या होत्या आणि नववीतली एक मुलगी मोठ्याने वाचत होती. ‘तुम्ही वाहक असाल तर घाबरू नका’ या वाक्यावर ती थांबली आणि तिने मागे वळून आईकडे पाहिले. आई म्हणाली, “आपण कुठे एसटीत नोकरीला?” सगळ्या हसल्या, मीही हसलो, आणि मग लक्षात आले की तिचे बरोबर आहे. एसटीच्या गाडीत त्या आसनावर ‘वाहक’ असेच लिहिलेले असते. त्यांच्या जगात या शब्दाचा तेवढाच अर्थ होता.

दुसरा पर्याय म्हणून ‘रक्तात दोष’ असे लिहून पाहिले. ते समजले, फारच समजले. एक म्हातारी म्हणाली की असे लिहिले तर पोरीचे लग्न जमायचे नाही, आणि मग कुणी तपासणीला येणारच नाही. शेवटी त्या बायकांशी बोलता बोलताच जे निघाले ते ठेवले : ‘एकाकडून आलेला’ आणि ‘दोघांकडून आलेला’. आई किंवा वडील यांपैकी एकाकडून सिकलसेल आला असेल तर माणूस सहसा आजारी नसतो. दोघांकडून आला असेल तर आजार असतो. शास्त्रही तेच सांगते. कंसात ‘सरकारी कागदावर याला वाहक म्हणतात’ एवढे जोडले, कारण दवाखान्यातल्या कागदावर तो शब्द येणारच. नेहमीचा शब्द बदलताना कागदावरचा शब्द लपवू नये. दोन्ही द्यावेत आणि आधी समजणारा द्यावा.

बोली लिहायची की बोलायची

यावर खान्देशात वाद होतात आणि मी त्यात बाजू घेतो. अहिराणीत आरोग्याचे किंवा हक्कांचे निरोप द्यावेत, पण ते आधी आवाजात द्यावेत. अहिराणी वाचण्याची सवय फार थोड्यांना आहे. ‘डोया’ आणि ‘शाया’ कानाला क्षणात कळतात. छापलेले दिसले की वाचणारा अडखळतो, कारण त्याने आयुष्यभर ‘डोळा’ आणि ‘शाळा’ असेच वाचलेले असते. शिवाय एकच शब्द धुळ्यात एका तऱ्हेने लिहितात आणि चाळीसगावात दुसऱ्या. तेव्हा छापील मराठी सोपे असावे आणि त्याच निरोपाची दोन-तीन मिनिटांची अहिराणी, पावरी, मावची ध्वनिफीत व्हॉट्सॲपवर, आकाशवाणीच्या स्थानिक केंद्रावर आणि बाजाराच्या दिवशी भोंग्यावर जावी. पत्रकावर क्यूआर कोड छापून तो आवाजाला जोडता येतो, पण जिथे जाळेच मिळत नाही तिथे आशाताईंच्या मोबाईलमध्ये ध्वनिफीत आधीच उतरवून द्यावी.

आवाज कुणाचा, हेही ठरवावे. अहिराणी म्हटले की विनोदी चित्रफितींचा सूर अनेकांच्या डोक्यात असतो, आणि ध्वनिमुद्रण करणारे हौशी कलावंत नकळत त्याच सुरात जातात. मुलीच्या रक्ततपासणीचा निरोप ऐकून माणसे हसली तर चूक त्यांची नाही. घरात ‘आंडोर’ आणि ‘आंडेर’ म्हणणारी, रोज तीच भाषा बोलणारी परिचारिका किंवा शिक्षिका साध्या सुरात बोलली की निरोप गंभीरपणे ऐकला जातो. आम्ही एकदा शहरात शिकलेल्या निवेदकाकडून पावरी म्हणवून घेतली. ऐकणाऱ्यांनी आदराने ऐकली आणि नंतर विचारले की हा कुठला परदेशी.

अक्षरांचे तंत्र

हा भाग लहान आहे, पण इथेच छापील मजकूर हमखास बिघडतो. सगळा मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या संगणकांना आणि मोबाईलना सारख्याच कळणाऱ्या अक्षरसंकेतांत, असावा. छापखान्यात अजून जुने फॉन्ट चालतात आणि मजकूर तिकडून इकडे येताना ‘ऱ्या’ तुटतो, ‘ॲ’चा ‘अ’ होतो, रफार शेजारच्या अक्षरावर जाऊन बसतो. म्हणून छपाईपूर्वीचा शेवटचा नमुना मराठी वाचणाऱ्या माणसाने कागदावर वाचून सही केल्याशिवाय छपाई सुरू होऊ नये. पडद्यावर पाहून ‘ओके’ म्हणू नये.

संकेतस्थळावर पानाला भाषेचा योग्य संकेत जोडावा. मराठी पानावर हिंदीचा संकेत राहिला तर दृष्टिहीनांसाठी मजकूर वाचून दाखवणारे साधन मराठी शब्द हिंदी उच्चारात वाचते, आणि काही फॉन्टमध्ये ‘ल’ आणि ‘श’ यांची वळणेही हिंदीची येतात. भाषा निवडण्याच्या यादीत ‘मराठी’, ‘اردو’सारखी नावे त्या त्या लिपीत असावीत, असे तज्ज्ञ सांगतात आणि ते योग्यच आहे, देशाचा झेंडा मात्र भाषेचे चिन्ह म्हणून लावू नये, कारण आपल्याकडे एका झेंड्याखाली किती भाषा आहेत हे वेगळे सांगायला नको. चित्रातच मजकूर कोरून टाकू नये. तो शोधात सापडत नाही, भाषांतरालाही हाती लागत नाही. देवनागरीला वर-खाली मात्रा असल्याने इंग्रजीपेक्षा ओळींत जास्त अंतर लागते, हे मांडणीकाराला पहिल्याच दिवशी सांगावे.

चाचणी आणि प्रसिद्धी

‘समजले का?’ असे कधीही विचारू नये. पाहुण्याला नाही म्हणणे आपल्याकडे वाईट समजतात, त्यामुळे उत्तर नेहमी ‘हो’ असते. पत्रक बाजूला ठेवायला सांगून ‘आता शेजारणीला हे कसे सांगाल?’ असे विचारावे आणि ती काय म्हणते ते शब्दशः टिपावे. तिने वापरलेला शब्द पुष्कळदा आपल्यापेक्षा बरा असतो. तो शब्दसूचीत घ्यावा. महत्त्वाच्या मजकुराचे उलट भाषांतरही करून घ्यावे, म्हणजे मूळ न पाहिलेल्या माणसाकडून पावरीतून परत मराठीत. मात्र उलट भाषांतर जुळले म्हणजे मजकूर समजला, असे नव्हे. ‘वाहक’ तिथेही बिनचूक जुळला असता.

यंत्राने केलेल्या भाषांतराला मी विरोध करत नाही. इंग्रजीतून मराठीचा पहिला खर्डा आता बरा मिळतो आणि वेळ वाचतो. पण औषधाचे प्रमाण, नकारार्थी वाक्ये आणि ‘तू–तुम्ही–आपण’ या तीन जागा माणसाने ओळ न् ओळ पाहाव्यात. पावरी-मावचीसाठी यंत्राच्या नादी लागू नये.

सर्व भाषांतले साहित्य एकाच दिवशी बाहेर पडावे. इंग्रजी सोमवारी, हिंदी गुरुवारी आणि मराठी पुढच्या महिन्यात, असे झाले की मधल्या काळात अफवा मराठीत येते आणि खुलासा इंग्रजीत असतो. त्यासाठी प्रसिद्धीची तारीख सर्वांत हळू होणाऱ्या भाषेवरून ठरवावी. फार तातडी असेल तर आधी सगळ्या भाषांत चार ओळी द्याव्यात आणि सविस्तर मजकूर मागाहून. दर तिमाहीस इंग्रजी आणि इतर भाषांतील प्रसिद्धीत किती दिवसांचे अंतर पडले ते मोजून बैठकीत ठेवावे. हा एक आकडा कोणत्याही घोषणापत्रापेक्षा जास्त सांगतो.

उत्तरही त्याच भाषेत

पावरीत निरोप दिला तर पावरीत प्रश्न येणार. मदतवाणीचा क्रमांक छापण्याआधी तो उचलणाऱ्याला कोणत्या भाषा येतात ते तपासावे, आणि आठवड्यातून दोन ठरावीक तास तरी ती भाषा बोलणारे माणूस तिथे बसवावे. ते तास पत्रकावरच लिहावेत. कोणत्या भाषेत किती प्रश्न आले आणि किती जण भाषा न जुळल्याने फोन ठेवून गेले, याची वही ठेवावी. पुढच्या वर्षीचा निधी मागताना ही वही उपयोगी पडते.

प्रत्येक पत्रकाच्या तळाशी, सर्व भाषांत, आवृत्तीचा क्रमांक आणि तारीख छापावी. मजकूर बदलला की संकेतस्थळावरचे जुने पान दोन मिनिटांत काढता येते, पण उपकेंद्राच्या भिंतीवर चिकटवलेले जुने पत्रक तसेच राहते आणि लोक तेच वाचतात. आमचे ‘वाहक’वाले पत्रक नवे छापून झाल्यावरही वर्षभर दोन ठिकाणी लावलेले होते. तेव्हा जुनी पत्रके काढून आणण्याचा गाडीखर्चही सुरुवातीच्या अंदाजपत्रकातच धरावा, आणि तो धरताना जळगावहून धडगावचे अंतर नकाशावर न मोजता घाट चढून आलेल्या चालकाला विचारावे.